ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, पण आयडीएच निगेटिव्ह: एका रिपोर्टमधली विसंगती

वय ४८. पेशाने शिक्षिका, विषय गणित. फळ्यावर लिहिता लिहिता डावा हात थरथरायला लागला, हातातला खडू सुटला आणि मिनिटभरात सगळ्या अंगाला झटके आले. आयुष्यातली पहिलीच फीट. आधी डोकेदुखी नव्हती, हातापायातली ताकद गेली नव्हती. मागाहून खोदून विचारल्यावर, दोनेक महिन्यांपासून पेपर तपासताना लक्ष लागत नव्हतं, एवढंच आठवलं.

एमआरआयमध्ये उजव्या फ्रंटल भागात, मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत पोचलेली सुमारे साडेचार सेंटिमीटरची गाठ दिसली. कॉन्ट्रास्ट दिल्यावर ती फारशी उजळली नाही. एखाद-दुसरा पुसट डाग, बस. मध्ये सडलेला भाग नाही, कडेने उजळणारी कडी नाही. सीटी स्कॅनमध्ये कॅल्शियमचे दोन-तीन कण. परफ्युजन स्कॅनमध्ये रक्तप्रवाह वाढलेला. पृष्ठभागाला लागून असलेली, कॅल्शियम साठलेली, फ्रंटल भागातली गाठ म्हटल्यावर ऑलिगोडेंड्रोग्लायोमा (मेंदूच्या आधारपेशींची, तुलनेने संथ वाढणारी गाठ) हे नाव सुचणारच. वाढलेल्या रक्तप्रवाहाने सावध व्हायला हवं होतं असं आज वाटतं, पण ऑलिगोडेंड्रोग्लायोमात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि परफ्युजन त्यातही वाढलेलंच दिसतं. म्हणजे ती खूण संथ आणि आक्रमक अशा दोन्ही गाठींना बसत होती.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हे प्रकरण एका व्यक्तीचं नाही. मेंदूच्या गाठींचं निदान जिथे ठरावीक तऱ्हेने घसरतं त्या जागा एका रुग्णात एकत्र करून ते रचलं आहे. वय, दिवस आणि आकडे त्या रचनेतले आहेत. चाचण्या, त्यांचे अर्थ आणि त्यांतले सापळे मात्र खरे आहेत.

शस्त्रक्रियेत स्कॅनवर दिसणारी जवळजवळ सगळी गाठ निघाली. चौथ्या दिवशी बाई घरी गेल्या.

नवव्या दिवसाचा रिपोर्ट

स्लाइडवर गोल, एकसारखी केंद्रकं होती आणि प्रत्येकीभोवती पांढरं वलय. पाठ्यपुस्तकातलं 'फ्राइड एग'. हे वलय खरं तर फॉर्मलिनमध्ये ऊतक मुरताना तयार होतं. शस्त्रक्रिया चालू असताना केलेल्या फ्रोझन सेक्शनमध्ये ते दिसत नाही. जी खूण ओळखून पिढ्यानपिढ्या विद्यार्थी परीक्षा पास झाले ती बऱ्याच अंशी गाठीची नसून फॉर्मलिनची आहे! शिवाय बारीक रक्तवाहिन्यांची खुराड्याच्या जाळीसारखी नक्षी होती, कॅल्शियमचे सूक्ष्म कण होते. मृत पेशींचे पट्टे नव्हते, रक्तवाहिन्यांच्या भिंती जाडावलेल्या नव्हत्या. विभाजन होत असलेल्या पेशी मात्र बऱ्याच होत्या, दहा हाय-पॉवर फील्डमध्ये नऊ. केआय-६७ (वाढीला लागलेल्या पेशींचं प्रमाण) जवळपास ३० टक्के.

मग इम्युनो (ठरावीक प्रथिनं रंगवून दाखवणाऱ्या चाचण्या) लावले. एटीआरएक्स शाबूत. पी५३ तुरळक आणि फिकट. आयडीएच१ आर१३२एच (आयडीएच१ जनुकातलं एक म्युटेशन) निगेटिव्ह. आणि प्रयोगशाळेत हाताशी असलेली फिश चाचणी केली, तर १पी (गुणसूत्र १ ची आखूड भुजा) आणि १९क्यू (गुणसूत्र १९ ची लांब भुजा) दोन्ही गहाळ, म्हणजे को-डिलीटेड.

रिपोर्ट असा निघाला: ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, १पी/१९क्यू को-डिलीटेड, ग्रेड ३. खाली बारीक टीप: आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह, दुर्मिळ आयडीएच म्युटेशन असण्याची शक्यता, गरज वाटल्यास सिक्वेन्सिंग करावे.

या प्रकरणातला कळीचा शब्दप्रयोग हाच: 'गरज वाटल्यास'. गरज वाटायची कुणाला? रिपोर्टच्या वरच्या ओळीत नाव आणि ग्रेड लिहून झाल्यावर खालची टीप सहसा कुणी वाचत नाही. सर्जन वाचत नाही, घरचे तर नाहीतच.

नावाला दोन पाय

मेंदूच्या गाठींना नावं देण्याची जुनी पद्धत दिसण्यावर उभी होती. १९२६ मध्ये बेली आणि कुशिंग यांनी गाठींचं जे वर्गीकरण मांडलं त्यात पेशी कशासारख्या दिसतात यावरून त्या कुठून आल्या असाव्यात हे ठरवलं होतं, आणि जवळपास नव्वद वर्षं तोच पाया राहिला. त्या पद्धतीची अडचण ज्यांनी स्लाइड बघितल्या त्या सगळ्यांना माहीत होती. एकाच काचेवर एकाला ऑलिगोडेंड्रोग्लायोमा दिसे, दुसऱ्याला अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आणि वाद मिटवायला 'ऑलिगोअ‍ॅस्ट्रोसायटोमा' हे मधलं नाव वापरलं जाई. २००८ मध्ये ग्लायोब्लास्टोमाच्या (ग्लायोमा म्हणजे आधारपेशींच्या गाठी, त्यांतली ही सगळ्यात आक्रमक) जनुकीय अभ्यासात आयडीएच१ जनुकातलं म्युटेशन सापडलं आणि लवकरच कळलं की ते कमी ग्रेडच्या ग्लायोमांमध्ये फार मोठ्या प्रमाणावर असतं. २०१६ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात रेणवीय खुणा पहिल्यांदाच नावाच्या आत शिरल्या. २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत तर प्रौढांमधल्या पसरणाऱ्या ग्लायोमांची तीनच मुख्य घराणी उरली: आयडीएच-म्युटंट अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच-म्युटंट आणि १पी/१९क्यू को-डिलीटेड ऑलिगोडेंड्रोग्लायोमा, आणि आयडीएच-वाइल्डटाइप (म्हणजे आयडीएच म्युटेशन नसलेला) ग्लायोब्लास्टोमा.

म्हणजे आजच्या नियमाने ऑलिगोडेंड्रोग्लायोमा म्हणायला दोन गोष्टी लागतात आणि दोन्ही लागतात. आपल्या रुग्णाकडे त्यांपैकी एकच होती, आणि दुसरी 'असेलच' असं धरून नाव दिलं गेलं.

हे धरणं अगदीच निराधार नव्हतं. आर१३२एच हे आयडीएच१ प्रथिनातल्या १३२व्या जागेचं म्युटेशन. तिथलं आर्जिनिन जाऊन हिस्टिडिन येतं. इम्युनोतली अँटिबॉडी फक्त हा एकच बदल ओळखते. ग्लायोमांमधल्या सुमारे ९० टक्के आयडीएच म्युटेशनांत तोच असतो, पण उरलेल्यांमध्ये १३२व्या जागी दुसरं काही आलेलं असतं, किंवा बदल आयडीएच२ जनुकाच्या १७२व्या जागी असतो. हे आयडीएच२ वालं ऑलिगोडेंड्रोग्लायोमातच जास्त भेटतं. तेव्हा इम्युनो निगेटिव्ह म्हणजे आयडीएच निगेटिव्ह नव्हे, हे वाक्य बरोबरच आहे. फक्त ते वाक्य म्हणजे पुढची चाचणी करायचं कारण आहे. इथे ते चाचणी न करण्याचं कारण होऊन बसलं.

चौदाव्या दिवशी

ट्यूमर बोर्डच्या, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या, बैठकीत रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टने रिपोर्ट वाचायला घेतला आणि खालच्या टीपेशी थांबून विचारलं, "को-डिलीशन आहे आणि आयडीएच नाही, हे एकत्र कसं काय?"

खोलीतल्या पॅथॉलॉजिस्टने दुर्मिळ म्युटेशनचा मुद्दा मांडला. ऑन्कॉलॉजिस्टने तो मान्य केला. मग म्हणाली, "सर, दोन शक्यता आहेत. एक तर आयडीएच आहे आणि आपल्याला दिसत नाहीये. नाहीतर को-डिलीशन नाहीये आणि आपल्याला दिसतंय."

ही दुसरी शक्यता खोलीत कुणी बोलून दाखवली नव्हती, कारण फिश म्हणजे जनुकीय चाचणी, आणि जनुकीय चाचणीचा निकाल स्लाइडवरच्या मतापेक्षा वरचढ, असा एक अलिखित समज झाला आहे. माझ्या मते रेणवीय निदानाच्या काळातला हा सगळ्यात महाग समज.

फिश चाचणी काय बघते ते पाहू. ऑलिगोडेंड्रोग्लायोमात गुणसूत्र १ ची अख्खी आखूड भुजा आणि गुणसूत्र १९ ची अख्खी लांब भुजा जाते. दोन गुणसूत्रं मध्याजवळ तुटून एकमेकांना जोडली जातात आणि उरलेल्या दोन भुजांची ती जोडी पेशीविभाजनात हरवते, अशी त्याची घडण. फिशमध्ये मात्र भुजेच्या टोकाजवळच्या एका छोट्या जागेवर चमकणारा रंगीत टिपका बसवतात, १पी३६ च्या आसपास, आणि तुलनेसाठी दुसऱ्या रंगाचा टिपका त्याच गुणसूत्राच्या दुसऱ्या भुजेवर. पेशीत दोन हिरवे आणि एकच लाल दिसला की म्हणायचं, भुजा गेली. पण गेली असते ती टिपक्याखालची जागा. संपूर्ण भुजा गेली की फक्त टोक, हे एका टिपक्यावरून कळत नाही. रस्त्याच्या शेवटच्या घरातला दिवा बंद दिसला म्हणून सगळ्या गल्लीची वीज गेली असं म्हणण्यासारखं. आणि १पीचं टोक तेवढं गहाळ असणं ग्लायोब्लास्टोमात आढळतं.

बोर्डाने ठरवलं: आयडीएच१ आणि आयडीएच२ चं सिक्वेन्सिंग (जनुकाची अक्षरं थेट वाचणं), टर्ट या गुणसूत्रांची टोकं राखणाऱ्या जनुकाच्या प्रमोटरचं (जनुक चालू-बंद करणाऱ्या भागाचं) सिक्वेन्सिंग, आणि पॅराफिन ब्लॉक मेथिलेशन प्रोफाइलिंगसाठी पाठवायचा. रेडिएशनचं प्लॅनिंग थांबवायचं नाही, कारण दोन्ही निदानांत रेडिएशन होतंच.

टर्टचा सापळा

टर्टचा निकाल आधी आला. प्रमोटरमध्ये सी२५०टी म्युटेशन.

पहिल्या रिपोर्टच्या बाजूने असलेल्यांना हा दिलासा वाटला, आणि तसं वाटणं रास्त होतं, कारण जवळपास सगळ्या ऑलिगोडेंड्रोग्लायोमांत टर्ट प्रमोटर म्युटेशन असतं. अडचण अशी की ते आयडीएच-वाइल्डटाइप ग्लायोब्लास्टोमांच्या बहुसंख्य नमुन्यांतही असतं. गाठींच्या जगात हे चमत्कारिकच: एकच बदल सगळ्यात संथ आणि सगळ्यात आक्रमक अशा दोन्ही ग्लायोमांत, आणि मधल्या आयडीएच-म्युटंट अ‍ॅस्ट्रोसायटोमात मात्र क्वचित. अ‍ॅस्ट्रोसायटोमा गुणसूत्रांची टोकं राखायला दुसरी वाट धरतो, त्याचं एटीआरएक्स हरवलेलं असतं. म्हणून टर्ट आणि शाबूत एटीआरएक्स या दोघांनी मिळून इथे अ‍ॅस्ट्रोसायटोमा बाद केला, पण खरा झगडा ज्या दोघांत होता त्यांच्यात काहीच सोडवलं नाही.

आता मागे वळून खुणा मोजून बघा. गोल केंद्रकं, वलय, जाळीदार रक्तवाहिन्या, कॅल्शियम, वाढलेलं परफ्युजन, शाबूत एटीआरएक्स, टर्ट. ग्लायोब्लास्टोमाचा 'स्मॉल सेल' म्हणून ओळखला जाणारा एक नमुना असतो. त्याच्या पेशी लहान, सोज्वळ, एकसारख्या. त्यात वलयंही दिसतात, जाळीही, कॅल्शियमचे कणही. वर दिलेल्या यादीतली एकही खूण त्याला ऑलिगोडेंड्रोग्लायोमापासून वेगळं काढत नाही. सात पुरावे एका बाजूने बोलत आहेत असं वाटत होतं, प्रत्यक्षात सातही तटस्थ होते. या सोज्वळ पेशींना न शोभणारी एकच गोष्ट स्लाइडवर होती, विभाजनाचा वेग, आणि ती 'ग्रेड ३' या शब्दात गुपचूप सामावून गेली.

सव्विसावा दिवस

आयडीएच१ च्या १३२व्या जागी आणि आयडीएच२ च्या १७२व्या जागी काहीही बदल नाही. नमुन्यात गाठीच्या पेशींचं प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त, त्यामुळे म्युटेशन निरोगी पेशींच्या गर्दीत बुडून गेलं असेल ही पळवाटही बंद. (निगेटिव्ह निकाल वाचताना हा आकडा पहिल्यांदा बघावा. दहा टक्के गाठ असलेल्या तुकड्यातून आलेल्या 'नाही'ला फारसा अर्थ नसतो.)

मेथिलेशनचा निकाल त्याच दिवशी आला. या चाचणीत डीएनएवर लाखो ठिकाणी मिथाइल गट लागलेला आहे की नाही ते मोजतात, आणि तो नकाशा आधी ओळख पटलेल्या गाठींच्या नकाशांशी ताडून बघतात. २०१८ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गच्या गटाने २,८०१ नमुन्यांवर आधारलेली अशी प्रणाली प्रसिद्ध केली होती. नंतर आलेल्या १,१०४ रुग्णांवर ती वापरली तेव्हा सुमारे १२ टक्क्यांमध्ये मूळ निदान बदलावं लागलं होतं. आपल्या रुग्णाचा नकाशा 'ग्लायोब्लास्टोमा, आयडीएच-वाइल्डटाइप' या गटाशी ०.९७ गुणांनी जुळला. ०.९ च्या वर गेलं की जुळणी भरवशाची मानतात.

पण मला विचाराल तर या अहवालातलं सगळ्यात बोलकं पान गुणांचं नव्हतं. त्याच चाचणीतून सगळ्या गुणसूत्रांचा आलेख निघतो, कुठे प्रती वाढल्या, कुठे घटल्या याचा. त्यात गुणसूत्र ७ संपूर्ण वर सरकलेलं. गुणसूत्र १० संपूर्ण खाली. ७ वर ईजीएफआर या पेशीवाढीच्या जनुकाच्या जागी सुईसारखा उंच सुळका, म्हणजे त्या जनुकाच्या ढीगभर प्रती. आणि १पीवर? भुजेचा बहुतेक भाग जागच्या जागी, फक्त टोकाचा एक तुकडा खाली. १९क्यूचंही तसंच. फिशचे दोन्ही टिपके नेमके त्या दोन खड्ड्यांत पडले होते.

२०२१ च्या नियमानुसार प्रौढ व्यक्तीतल्या पसरणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसायटिक गाठीत आयडीएच आणि एच३ (हिस्टोन प्रथिनाचं जनुक) यांत म्युटेशन नसेल आणि टर्ट प्रमोटर म्युटेशन, ईजीएफआरची वाढ, किंवा ७ वाढलेलं व १० गेलेलं यांपैकी एक जरी असेल, तरी मृत पेशी किंवा जाडावलेल्या रक्तवाहिन्या न दिसताही ती ग्लायोब्लास्टोमा, ग्रेड ४. इथे तिन्ही होत्या.

एक गोष्ट मात्र सांगून टाकतो. मेथिलेशन नसतं तरी हे निदान झालं असतं. आयडीएचच्या दोन जागांचं साधं सिक्वेन्सिंग निगेटिव्ह आलं तिथेच ऑलिगोडेंड्रोग्लायोमा हे नाव कोसळलं होतं, आणि फिशनेच ईजीएफआर आणि गुणसूत्र १० तपासलं असतं तर उरलेलं चित्रही मिळालं असतं. महागडं यंत्र नव्हतं म्हणून चूक झाली असं या प्रकरणाबद्दल म्हणता येत नाही.

"गाठ तीच आहे ना?"

निदान बदलल्याचं सांगायला बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला बोलावलं. पहिला रिपोर्ट त्यांच्या हातात आधीच पडला होता, आणि त्यांनी वाचलंही होतं. ग्रेड ३ ऑलिगोडेंड्रोग्लायोमाच्या एका मोठ्या चाचणीत रेडिएशनसोबत पीसीव्ही (तीन औषधांची) केमो दिलेल्या को-डिलीटेड रुग्णांचं मध्यम आयुर्मान १४.७ वर्षं निघालं होतं. तो आकडा त्यांना पाठ होता.

"डॉक्टर, गाठ तीच आहे ना? तुम्ही काढलेलीच?" त्यांनी विचारलं. "मग नाव कसं बदललं?"

"गाठ तीच आहे, मॅडम. आधी आम्ही तिचा चेहरा बघितला होता. आता रक्ताचं नातं तपासलं."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पहिल्यांदा उत्तर चुकलं नव्हतं, गृहीतक चुकलं होतं."

डॉक्टरने हो म्हटलं. पुढचं बोलणं अवघड होतं आणि ते इथे लिहिण्याचं कारण नाही. एवढंच नोंदवतो की १४.७ वर्षांच्या जागी जो आकडा येतो तो महिन्यांत मोजतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि आजही उपचारांचा पाया असलेल्या चाचणीत, रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध घेतलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान १४.६ महिने होतं. नुसत्या रेडिएशनवर १२.१. दशांश बघता जवळजवळ तोच आकडा, एकक वेगळं. गणिताच्या शिक्षिकेच्या ते लक्षात आल्यावाचून राहिलं नसणार.

उपचार बदलले, पण किती?

प्रामाणिकपणे बघितलं तर उपचारांतला फरक नावातल्या फरकाइतका मोठा नव्हता. रेडिएशन दोन्हीकडे, डोसही जवळपास सारखा. पीसीव्हीच्या जागी टेमोझोलोमाइड आलं: ६ आठवडे ६० ग्रे रेडिएशनसोबत रोज, नंतर दर २८ दिवसांतले ५ दिवस, सहा फेऱ्या. ईजीएफआरच्या त्या उंच सुळक्यावर औषध का नाही, असा प्रश्न नवऱ्याने विचारला होता. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआरवरची औषधं कामी येतात, ग्लायोब्लास्टोमात ती आजवर टिकलेली नाहीत. दुसरीकडे, आयडीएच म्युटेशनवर काम करणारं व्होरासिडेनिब हे औषध २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते ग्रेड २ च्या आयडीएच-म्युटंट गाठींसाठी. चुकीचं नाव कायम राहिलं असतं तर आज ना उद्या कुणीतरी त्या औषधाची चौकशी केली असती.

एमजीएमटी जनुकाचा प्रमोटर मेथिलेटेड (म्हणजे मिथाइल गट लागून बंद पडलेला) नव्हता. टेमोझोलोमाइडने डीएनएला केलेली इजा हे जनुक दुरुस्त करतं. ते गप्प असेल तर औषध जास्त चालतं. इथे ते जागं होतं. वय आणि तब्येत पाहून टेमोझोलोमाइड तरीही दिलं.

खरा बदल देखरेखीत झाला. रेडिएशननंतरच्या पहिल्याच स्कॅनमध्ये जुन्या जागेच्या कडेला नवा उजळ पट्टा दिसला. उपचारांमुळेच काही काळ गाठ वाढल्यासारखी दिसते, तो आभास मेथिलेटेड एमजीएमटी असलेल्यांत जास्त आढळतो. इथे तसं नव्हतं, म्हणून तीन महिने वाट न बघता सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केला. पट्टा ओसरला होता. अकराव्या महिन्यात मात्र गाठ खऱ्या अर्थाने परतली आणि लोमस्टीन हे केमोचं दुसरं औषध सुरू झालं. मधल्या काळात बाईंनी दहावीच्या एका तुकडीचा बीजगणिताचा अभ्यासक्रम पूर्ण केला.

पहिल्या प्रयोगशाळेने फिशची स्लाइड पुन्हा काढून बघितली. शंभर पेशी मोजल्या होत्या, मोजणी अचूक होती, एकही टिपका चुकीचा वाचलेला नव्हता. दुरुस्त केलेला रिपोर्ट थरांमध्ये लिहिला: वर एकत्रित निदान, त्याखाली स्लाइडवर काय दिसलं, मग ग्रेड, मग एकेका चाचणीचा निकाल. आता तिथल्या रिपोर्टच्या नमुन्यात आयडीएचचा रकाना १पी/१९क्यूच्या आधी येतो. इम्युनो निगेटिव्ह असेल तर सिक्वेन्सिंगचा निकाल भरल्याशिवाय पुढचा रकाना उघडतच नाही, आणि 'गरज वाटल्यास' हे शब्द नमुन्यातून काढून टाकले आहेत.